गायकांचा वाटा

नाताळच्या आठवड्यात बडोद्याच्या कारेलीबागेतील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थनासभेसाठी जाण्याचा योग आम्हांस आला. सभेत ढोलकीवर जो गृहस्थ बसला होता त्याचा हात असामान्य होता. सभा संपल्यावर आम्ही त्याची मनापासून स्तुती केली. त्याचा आजा खानदेशात तमाशाच्या फडात वाजवीत असे. पुढे कुटुंब बडोद्यास आले आणि येथेच स्थिरावले. तो म्हणाला, "फादर, नवरात्रात नऊ रात्री गरब्याला वाजवतो. त्याचा आकडा आधी ठरतो. चर्चमध्ये वर्षभर वाजवतो, तिथे कोणी विचारत नाही. मीही काढत नाही. देवाचं काम आहे. पण घरी विचारतात." एवढे बोलून तो ढोलकीला गवसणी घालू लागला. आम्ही त्याचे पुन्हा आभार मानले आणि निघालो. प्रार्थनासभेबद्दल यजमानांनी दिलेले पाकीट आमच्या खिशात होते.

ते पाकीट आम्हांस पुढे कित्येक दिवस टोचत राहिले. प्रस्तुत लेखाचा उगम त्यातच आहे. कलावंताच्या, विशेषतः दलित कलावंताच्या, श्रमाकडे समाज कसा पाहतो याचा विचार येथे करावयाचा आहे; परंतु समाजावर टीका करून मोकळे होणे हा हेतू नव्हे. ज्या शब्दांनी आपण हा श्रम झाकतो ते शब्द आपल्या उपासनामंदिरातही रुळले आहेत, म्हणून परीक्षण आपल्या घरापासून व्हावयास हवे.

१. शब्दांची झडती

कलावंताला जे दिले जाते त्यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. गवयाला मिळते ती बिदागी. बिदा म्हणजे निरोप. तेव्हा बिदागी ही निरोपाच्या वेळी हाती ठेवावयाची वस्तू. ती किती असावी हे ठेवणाराच ठरवितो. तमाशातील नर्तकीवर उधळला जातो तो दौलतजादा. त्यात रक्कम तर प्रेक्षकाच्या लहरीवर असतेच, शिवाय ती स्वीकारताना नर्तकीने त्या प्रेक्षकाचे मन राखावे ही अपेक्षाही असते. फडातील कलावंत हंगामापूर्वी फडमालकाकडून घेतो ती उचल. हाच शब्द ऊसतोड कामगारांच्याही तोंडी आहे, आणि हे केवळ योगायोगाने नव्हे. दोन्हीकडे माणूस आधी कर्ज घेतो आणि मग हंगामभर स्वतःच्या श्रमाने ते फेडतो. आजारपण आले, पाऊस आला, जत्रा रद्द झाली, तर कर्ज पुढल्या हंगामावर चढते. फडमालकाला सरसकट खलनायक ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावकऱ्यांशी सुपारी ठरविणारा हा मालक पुष्कळदा स्वतःच सावकाराच्या कर्जात बुडालेला असतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे जत्रांचे हंगाम बुडाले, तेव्हा या साखळीतील प्रत्येक दुवा एकाच वेळी तुटला.

शासनाचा आणि संस्थांचा शब्द आहे मानधन. तो ऐकावयास सर्वांत गोड, आणि म्हणूनच तपासून घ्यावयास हवा. यात मान आधी येतो, धन मागाहून. आणि धन तोकडे पडले की मान पुढे करून ती तूट भरून काढता येते. वेतन कमी पडले तर कामगार तक्रार करू शकतो. मानधन कमी पडले म्हणून तक्रार करणारा मात्र कृतघ्न ठरतो.

शेवटचा शब्द आपला आहे : सेवा. बिदागीत काहीतरी हाती पडते, दौलतजाद्यात अपमानासह पडते, उचलीत कर्ज म्हणून पडते, मानधनात थोडे पडते. सेवेत काहीच पडत नाही, आणि पडावे अशी इच्छा बाळगणे हेच पाप ठरते. या पाच शब्दांत 'मजुरी' नाही, 'पगार' नाही, 'हक्क' तर नाहीच. कलावंताला आपण पुष्कळ नावे दिली. कामगार हे एक नाव तेवढे दिले नाही.

विठाबाई नारायणगावकर यांचे जीवन या शब्दसंपत्तीचा पुरावाच होय. मांग समाजात जन्मलेल्या या कलावतीने तमाशाच्या बोर्डावर आपली हयात वेचली. प्रयोग चालू असताना त्या प्रसूत झाल्या आणि लगेच पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात कौतुकाने सांगितली जाते. ती सांगताना आपण त्यांच्या धैर्यावर बोलतो. दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावे का लागले, हे विचारीत नाही. त्यांना राष्ट्रपतींचे पदक मिळाले. अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. आज त्यांच्या नावे राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. मानाच्या बाबतीत आपण मागे राहिलो नाही. वाट्याच्या बाबतीत राहिलो.

२. बडोद्याचे दोन धडे

कलावंताला पगार देता येत नाही, ती गोष्ट आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे जे म्हणतात त्यांनी बडोद्याचा इतिहास पाहावा. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या राज्यात गायक, वादक, नर्तकी यांच्यासाठी स्वतंत्र कलावंत खाते होते. दरबारातील कलावंत हा या खात्याचा नोकर असे; त्याला दरमहा वेतन होते आणि कामाचे नियम होते. १८८६ साली मौलाबक्षांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा निघाली आणि गाणे शिकविणे हेही पगाराचे काम ठरले. त्या नियमांत शिस्तीचा जाच होता, कलेला कचेरीच्या मापाने मोजण्याचा हट्टही होता. तरीही महिना भरला की वेतन येणार, ही खात्री कलावंताला मिळाली. लहरीची जागा नियमाने घेतली, हे पाऊल लहान नव्हते.

परंतु याच खात्यात तंजावरच्या नर्तकीही होत्या. १८८० साली तंजावरच्या राजघराण्यातील लक्ष्मीबाई विवाह होऊन बडोद्यास आल्या व पहिल्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्यासोबत हा नर्तकींचा ताफा आला. आंदणात भांडीकुंडी येतात, दागदागिने येतात, तशा या स्त्रिया आल्या. पगार होता, पण आपण येथे यावे की न यावे हे त्यांना कोणी विचारले नव्हते. याच परंपरेतील कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यमचे अध्यापक झाले. आंदणापासून अध्यापकपदापर्यंतचा हा प्रवास आशादायक आहे. नुसते वेतन म्हणजे न्याय नव्हे, हेही तो सांगतो.

दुसरा धडा कलावंताच्या जीवनातील नाही, तरी तो आपल्या विषयाच्या गाभ्याशी जातो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पद होते, पगार होता. परंतु कचेरीतील शिपाई कागद त्यांच्या मेजावर लांबून टाकीत, आणि तेथे त्यांना पिण्याचे पाणी मिळत नसे, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. राहावयास घर मिळेना, म्हणून त्यांनी पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत आश्रय घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद मिळाली.

आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की, त्या वेळी बडोद्यात त्यांचे दोन मित्र होते : एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारले पाहिजे. हे पतिपत्नी मूळचे ब्राह्मण होते. हे उत्तर म्हणजे सभ्य नकार होता, हे आंबेडकरांना मागाहून कळले. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत बसून काढला.

ती कामाठीबाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते आणि कारेलीबागेपासून ती दूर नाही. आमच्या वाचकांनी, विशेषतः धर्मगुरू बंधूंनी, या प्रसंगापाशी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. त्या दिवशी ख्रिस्ताच्या नावाचे एक घर या शहरात होते. त्या घरात बाप्तिस्मा पोचला होता, पण तो उंबरठ्यापर्यंत पोचला नव्हता. नकारही उद्धटपणे दिला गेला नाही. तो सौजन्याने दिला गेला. आपली पुष्कळ पापे अशीच सौजन्याने होतात.

बडोद्याचे हे दोन धडे एकत्र ठेवले म्हणजे न्यायाच्या दोन कसोट्या हाती येतात. पहिली वाट्याची : श्रमाचा मोबदला ठरलेला, पुरेसा आणि वेळेवर आहे काय? दुसरी उंबरठ्याची : ज्याला मोबदला देतो त्याला घरात घेतो काय, त्याच्या पाण्याचा पेला वेगळा तर नाही? एकीत उत्तीर्ण झालो म्हणून दुसरीतून सुटका होत नाही.

३. समुद्रापलीकडील साक्ष

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांचा अनुभव येथे साक्षीला घेता येतो. वंश आणि जात या एकच गोष्टी नव्हेत, आणि त्या एक आहेत असे घाईने म्हणणारा ईशज्ञानी दोहोंवरही अन्याय करतो. परंतु कलावंताच्या श्रमाची लूट दोन्हीकडे ज्या रीतीने चालली तिच्यात साम्य आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन करणाऱ्या तरुण लेखकांनी ब्लॅक पँथरचे नाव उचलले, ते हे साम्य ओळखूनच.

बेसी स्मिथ ही ब्लूज गायिका १९२३ पासून कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे करू लागली. तिच्या तबकड्या अफाट खपल्या. तिला मिळे ती प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ठरीव रक्कम, विक्रीवर हक्क नाही. ही वाट्याच्या कसोटीची गोष्ट झाली. मेरियन अँडरसन या थोर गायिकेचा १९३७ साली प्रिन्स्टन येथे कार्यक्रम होता. तेथील खानावळवजा हॉटेलाने तिला वर्णामुळे खोली नाकारली. ही उंबरठ्याची. त्या रात्री अल्बर्ट आईनस्टाईन यांनी आपल्या घराचे दार उघडले आणि ती त्यांच्याकडे राहिली. एक परागंदा ज्यू शास्त्रज्ञ जे करू शकला ते बडोद्यातील ख्रिस्ती मित्राला वीस वर्षांपूर्वी करता आले नव्हते, हे आपण लपवू नये. १९३९ साली वॉशिंग्टनमधील एका मोठ्या सभागृहाने अँडरसनला मज्जाव केला, तेव्हा तिने पुनरुत्थानाच्या रविवारी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून सुमारे ७५,००० लोकांपुढे गायन केले.

आणखी एक साक्ष संघटनेची आहे. अमेरिकन वादकांच्या संघात गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाखा कित्येक शहरांत वेगळ्या होत्या. लॉस एंजेलिसमध्ये दोन्ही बाजूंच्या वादकांनी प्रयत्न केला आणि १९५३ साली तेथील शाखा एक झाल्या. मान मागून हे झाले नाही. कामगार म्हणून एकत्र येऊन झाले.

येथे आपल्या ईशज्ञानाविषयीही एक तक्रार नोंदविणे भाग आहे. जेम्स कोन यांनी 'द स्पिरिच्युअल्स अँड द ब्लूज' (१९७२) या ग्रंथात गुलामांच्या गीतांत जिवंत ईशज्ञान आहे हे दाखवून दिले. आपल्याकडे अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूर येथे मांडलेल्या विचारापासून दलित ईशज्ञानाची वाट मोकळी झाली. साथियानाथन क्लार्क यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात परैयार समाजाच्या ढोलाला ख्रिस्तदर्शनाचे प्रतीक मानले. हे कार्य मोलाचे आहे आणि त्याचे ऋण आम्ही मानतो. परंतु या वाटेने जाताना आमच्यासारख्या वर्गांत शिकविणाऱ्यांनी ढोलाचा अर्थ शिकविला आणि ढोल वाजविणाऱ्याची मजुरी विचारली नाही. गीत ईशज्ञानाचा विषय झाले. गायकाची चूल झाली नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, ते धन आपण शंभराहून अधिक वर्षे उपभोगीत आहोत. उपासनेच्या देशीकरणावर आपण परिसंवाद भरवितो. त्या परिसंवादाच्या खर्चाच्या तपशिलात मंडप, भोजन, छपाई, वक्त्यांचा प्रवास हे सर्व असते. भजनी मंडळापुढची ओळ बहुधा कोरी असते.

४. नहेम्याचा प्रश्न

पवित्र शास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. निवासमंडपाचे काम करणारा बसालेल हा देवाच्या आत्म्याने भरलेला कारागीर होता, असे निर्गमाचे पुस्तक सांगते. कारागिराच्या हाताला आत्म्याचे दान म्हणणारे हे स्थळ होय. पहिल्या इतिहासाच्या नवव्या अध्यायात गायकांची नोंद आहे : ते मंदिराच्या कोठड्यांत राहत आणि रात्रंदिवस आपल्या कामात असल्यामुळे इतर कामांतून मोकळे असत. म्हणजे वस्ती होती आणि कामाची मर्यादाही होती. नहेम्याच्या अकराव्या अध्यायात गायकांचा रोजचा वाटा राजाज्ञेने ठरवून दिल्याचे वाचावयास मिळते.

याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील प्रसंग आपण क्वचितच प्रवचनास घेतो. नहेम्या यरुशलेमास परत येतो तो मंदिर ओस पडलेले. लेवी आणि गायक पळून आपापल्या शेतावर गेले आहेत. का? त्यांचे वाटे त्यांना दिले गेले नव्हते. नहेम्या काय करतो हे पाहण्यासारखे आहे. तो गायकांना श्रद्धा कमी पडली म्हणून दोष देत नाही, सेवाभावाचे प्रवचनही करीत नाही. तो अधिकाऱ्यांना धारेवर धरतो : देवाचे घर टाकून का दिले गेले? म्हणजे त्याच्या दृष्टीने देवाचे घर टाकले ते गायकांनी नव्हे, वाटा न देणाऱ्यांनी. मग तो गायकांना परत बोलावितो, त्यांच्या जागी उभे करतो आणि वाटप करण्यासाठी विश्वासू माणसे नेमतो. ही हिशेबाची व्यवस्था त्याच्या लेखी धर्मकार्यच होती.

यिर्मयाची वाणी याहून कठोर आहे. शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेऊन आपले घर बांधणाऱ्या राजाचा तो धिक्कार करतो. लेवीयाचे पुस्तक मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असे बजावते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सर्चेन्स' या परिपत्रकात सांगितले की, एखादी अर्थव्यवस्था न्याय्य आहे की नाही याची प्रत्यक्ष पारख न्याय्य वेतनावरून होते. ही पारख गिरणीला लावावयाची आणि गायकवृंदाला लावावयाची नाही, असा अपवाद त्यात नाही.

५. एक आक्षेप

यावर आमचे बंधू म्हणतील : उपासनेतील गाणे हे अर्पण आहे, त्याला दर लावला तर त्याचा बाजार होईल. शिवाय लहान धर्मग्रामांकडे पैसा कोठे आहे?

पहिल्या आक्षेपाला उत्तर संत पौलानेच दिले आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो प्रथम विस्ताराने सिद्ध करतो की सुवार्तिकाला निर्वाहाचा हक्क आहे. आणि मग सांगतो की आपण तो हक्क वापरला नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. हक्क सोडण्यासाठी तो आधी असावा लागतो, आणि तो सोडण्याचा अधिकार ज्याचा हक्क त्याचाच. विधवेने दोन दमड्या स्वतः टाकल्या, म्हणून ते अर्पण झाले. त्या कोणी तिच्या हातून काढून घेतल्या असत्या आणि त्याला अर्पण म्हटले असते, तर प्रभूने वेगळे शब्द वापरले असते. आपण ढोलकीवाल्याला न विचारताच त्याचा हक्क सोडून देतो आणि त्याचे पुण्य त्याच्या नावे जमा करतो.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे आणि तो खरा आहे. परंतु लग्नविधीनंतर धर्मगुरूला पाकीट आणि गायकवृंदाला चहा, ही वाटणी गरिबीमुळे होत नाही. ती सवयीमुळे होते, आणि या सवयीत जुन्या बलुतेदारीचा वास आहे : ढोल वाजविणे हे अमक्यांचे कामच, त्याचे काय विचारावयाचे? थोडे असेल तर थोडे वाटावे. मुळीच न वाटण्याचे समर्थन थोडेपणातून निघत नाही.

६. करावयाच्या गोष्टी

धर्मगुरू आणि धर्मशिक्षक बंधुभगिनींपुढे आम्ही पाच साध्या सूचना ठेवतो. पहिली : धर्मग्रामाच्या वार्षिक अंदाजपत्रकात गायक, वादक, पडदे रंगविणारे, नाटक बसविणारे यांच्यासाठी स्वतंत्र बाब असावी, मग ती रक्कम कितीही लहान असो. दुसरी : काम सांगताना आकडा आधी ठरवावा, आणि तो त्यांना विचारून ठरवावा. तिसरी : दिलेला शब्द त्याच दिवशी पाळावा. चौथी : कार्यक्रमानंतर वादक मागल्या पडवीत आणि पाहुणे दिवाणखान्यात, ही पंगत मोडावी. पाचवी : 'सेवा' हा शब्द आपण स्वतःच्या कामासाठी वापरावा, दुसऱ्याच्या कामासाठी तो वापरण्याचा अधिकार त्याला द्यावा.

यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. तरीही पहिल्यांदा करताना जीभ अडते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पुढे काही आठवड्यांनी कारेलीबागेतील त्याच गृहस्थाला एका उपासनेसाठी बोलवावयाचे होते. आम्ही विचारले, किती ठरवावयाचे? तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने आकडा सांगितला. गरब्याच्या एका रात्रीपेक्षा तो पुष्कळ कमी होता. आम्ही तसे म्हणालो. "ते चर्चसाठी म्हणून कमी केलंय, फादर," तो म्हणाला. "कमी मी केलंय."